त्रापानीतले सरगुंडे

एकदा एका स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईंवरच स्वयंपाक शिकायला जाण्याची वेळ आली.

बाईंचे नाव कुंदा वैरागडे. वर्ध्याच्या एका पाककला-संस्थेत त्या अनेक वर्षे शिकवत होत्या. कोणताही पदार्थ एकदा पाहिला आणि एकदा चाखला की दुसऱ्या दिवशी तो जसाच्या तसा करून दाखवायचा, ही त्यांची ख्याती होती. बंगाली मिठाई असो की केरळातले कालवण, मूळ करणाऱ्यालाही आपलेच वाटावे इतके ते हुबेहूब उतरे. विद्यार्थी थक्क होत, पाहुणे वाहवा करीत. त्या गुणाचा बाईंना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

मात्र एक गोष्ट संस्थेत कुणालाही ठाऊक नव्हती. कुंदाताई केळझरजवळच्या एका खेड्यात वाढल्या होत्या. आई लहानपणीच गेली, तेव्हा अनसूयामावशीने त्यांना पदराखाली घेतले. मावशी सरगुंडे करण्यात पंचक्रोशीत नावाजलेली होती. उन्हाळा लागला की कुणाच्या ना कुणाच्या अंगणातून तिला बोलावणे येई. घट्ट मळलेल्या कणकेची बारीक लांब वळी करायची, ती काडीवर गुंडाळायची, गुंडाळी हलकेच सरकवून काढायची आणि बाजेवर अंथरलेल्या धोतरावर वाळत घालायची. पुढे आंब्याचा रस निघाला की हे सरगुंडे शिजवून त्याच्याबरोबर वाढायचे. लग्नघरी जावयाच्या ताटात सरगुंडे नसले तर विहीणबाई वर्षभर बोलून दाखवीत. मावशीशेजारी बसून कुंदाताईंनीही लहानपणी असंख्य सरगुंडे वळले होते.

शहरात आल्यावर हे सारे मागे पडले. नुसते मागे पडले असते तर गोष्ट वेगळी. कुंदाताईंनी ते मागे टाकले. संस्थेच्या प्रदर्शनात विदर्भातले जुने पदार्थ मांडावेत असे एकदा एका सहकाऱ्याने सुचवले, तेव्हा सरगुंड्यांवर काट मारणाऱ्या त्याच होत्या. गावाकडच्या बायकांचे ते काम, त्यात शिकवण्यासारखे काय आहे, असे त्या म्हणाल्या. मावशी तोवर हयात नव्हती. त्यामुळे ते बोलणे कुणाला लागले नाही.

पुढे संस्थेने परदेशी पाककलेचा नवा अभ्यासक्रम काढायचे ठरवले. प्रमुख कोण, याचा निर्णय व्हायचा होता. कुंदाताईंनी इटलीत राहून तिथले हाताने वळायचे पास्ते मुळातून शिकून यावे, आल्यावर विश्वस्तांसमोर करून दाखवावेत, आणि ते पसंत पडले की अभ्यासक्रम त्यांच्याकडे सोपवावा, असे ठरले. कुंदाताईंच्या दृष्टीने ही आयुष्यातली मोठी संधी होती. त्या सिसिली बेटावरच्या त्रापानी नावाच्या बंदराच्या गावी पोहोचल्या.

तिथे वीता नावाच्या एक वृद्ध बाई आपल्या राहत्या घरात परदेशी पाहुण्यांना स्वयंपाक शिकवीत. ऐंशीच्या घरातले वय, अंगाने किरकोळ, पण मनगट अजून सुतारासारखे. गावात सगळे त्यांना आदराने दोन्ना वीता म्हणत. त्यांचे घर जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होते. स्वयंपाकघरात मधोमध संगमरवरी ओटा, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी बाक, भिंतीला टांगलेली तांब्याची भांडी, आणि खिडकीतून दूरवर दिसणारी मिठागरे. दोन्ना वीतांना त्यांच्या बेटाच्या बोलीखेरीज दुसरे काही येत नसे. त्यांची नात ग्राझिएल्ला शेजारी उभी राहून प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगे.

पहिल्या दिवशी बाकांवर सहा जण होते. डेन्मार्कहून आलेले एक निवृत्त गृहस्थ, दोघी तरुण कोरियन मैत्रिणी, एक फ्रेंच जोडपे आणि कुंदाताई. दोन्ना वीतांनी सगळ्यांना ॲप्रन दिले, हात धुवायला लावले आणि पिवळसर रवाळ पिठाचा ढीग ओट्यावर ओतला. त्यात फक्त पाणी घालून त्यांनी ते मळले. मग लिंबाएवढा गोळा तोडून त्याची बारीक वळी केली, वळीवर एक लांब काडी तिरकी ठेवली आणि तळहाताने ती पुढे लोटली. वळी काडीभोवती मळसूत्रासारखी फिरली. काडी ओढून घेतली तेव्हा ओट्यावर कुरळ्या बटेसारखा एक पास्ता उरला. त्याला बुसियाते म्हणतात, असे ग्राझिएल्लाने सांगितले.

कुंदाताई पाहतच राहिल्या. घरापासून इतक्या लांब, समुद्राकाठच्या या घरात, समोर पडले होते ते जवळजवळ सरगुंडेच होते.

सगळ्यांना एकेक काडी मिळाली. कुंदाताईंनी वळी केली, आणि त्यांच्या मनाने काही ठरवायच्या आतच हाताने काम सुरू केले. डाव्या हाताच्या चिमटीत काडी फिरू लागली, उजवा हात तिला वळी पुरवू लागला. ओट्याला स्पर्शही न करता गुंडाळी हवेतच तयार झाली. लहानपणी मावशी म्हणायची तसेच झाले. "काडी फिरव वं पोरी, पीठ नोको फिरवू," असे ती सारखे म्हणायची.

गुंडाळी काडीवरून उतरली आणि कुंदाताई भानावर आल्या. त्यांनी डावीउजवीकडे पाहिले. इतर सारे दोन्ना वीतांनी दाखवल्याप्रमाणे तळहाताने काडी लोटत होते. आपण चुकलो, असे त्यांना वाटले. खरे तर चुकल्यापेक्षाही, आपले गावंढळपण उघडे पडले असे वाटले. कुणी पाहायच्या आत त्यांनी ती गुंडाळी मुठीत चेपली आणि पिठाच्या गोळ्यात मिसळून टाकली. मग दोन्ना वीतांच्या तळहाताची चाल नीट न्याहाळली, काडीचा तिरकेपणा हेरला आणि आपल्या नेहमीच्या एकाग्रतेने त्या कामाला लागल्या.

थोड्याच वेळात त्यांच्यासमोरची परात भरली. प्रत्येक बुसियाता सारख्या लांबीचा, सारख्या वेढ्यांचा. शेजारच्या कोरियन मुली माना वळवून पाहू लागल्या. डॅनिश गृहस्थांच्या काडीवर तर पीठ चिकटून बसले होते. त्यांनी कुंदाताईंच्या परातीचा फोटो काढला. कुंदाताईंना हायसे वाटले. आपली ख्याती इथेही टिकली, असे त्यांच्या मनात आले.

दोन्ना वीता एकेकाजवळ थांबत पुढे येत होत्या. डॅनिश गृहस्थांचे वेडेवाकडे तुकडे पाहून त्यांनी त्यांची पाठ थोपटली. फ्रेंच बाईंचा पास्ता मधेच तुटत होता, तरी त्यांना शाबासकी दिली. मग त्या कुंदाताईंच्या परातीपाशी आल्या. एक बुसियाता उचलून उजेडात धरला आणि परत ठेवला. नंतर दोन्ही हातांनी परातीतला सगळा पास्ता गोळा करून त्याचा पुन्हा एक गोळा केला आणि तो कुंदाताईंसमोर ठेवला.

"पुन्हा कर," त्या म्हणाल्या.

ग्राझिएल्लाने ते दोन शब्द जरा चाचरतच सांगितले. कुंदाताईंचे कान तापले. वेढे सैल पडले असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि अधिक काळजीपूर्वक पुन्हा परात भरली. या वेळी तर दोन्ना वीतांचा पास्ता आणि त्यांचा पास्ता शेजारी ठेवले असते तर कुणाला निवडता आले नसते. दोन्ना वीता आल्या, पाहिले, आणि पुन्हा सगळे मोडून गोळा केला. चेहऱ्यावर राग नव्हता. कारणही सांगितले नाही.

कुंदाताईंना वाटले, उठावे आणि निघून जावे. त्यांच्या डोळ्यांपुढे संस्थेचे विश्वस्त उभे राहिले. जिथे शिकायला पाठवले तिथल्या बाईंना आपले काम एकदाही पसंत पडले नाही, हे परत जाऊन कुठल्या तोंडाने सांगायचे? त्यांनी खिडकीबाहेर नजर लावली. डोळे भरून आले होते, ते कुणाला दिसू नयेत म्हणून त्या तशाच बाहेर पाहत राहिल्या. आता चांगले करून दाखवायची उमेदच उरली नव्हती. हात मात्र रिकामे राहिले नाहीत. त्यांनी वळी केली, चिमटीत काडी धरली. काडी फिरू लागली. एक गुंडाळी उतरली, मग दुसरी. कुंदाताई पाहतही नव्हत्या.

दोन्ना वीतांनी एक खुर्ची ओढली आणि त्या कुंदाताईंच्या अगदी समोर बसल्या. त्यांनी उतरलेली एक गुंडाळी तळहातावर घेतली, बोटाने तिचे वेढे चाचपले. बुसियात्यापेक्षा ही आखूड होती, वेढे अधिक जवळजवळ आणि आतली पोकळी सलग.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारले.

कुंदाताईंना आधी वाटले, चूक पकडली गेली. त्यांनी माफी मागितली. हे चुकून झाले, आता नीट करते, असे सांगितले. दोन्ना वीतांनी मान हलवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग कुंदाताईंनी सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला तुटक, पुढे सलग. मावशी, तिचे अंगण, बाजेवरचे धोतर, आंब्याचा रस, जावयाचे ताट. इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. ग्राझिएल्ला एकेक वाक्य आजीला सांगत होती आणि आजी मधेमधे प्रश्न विचारत होती. कणीक कुठल्या गव्हाची, मीठ घालता का, वाळवायला किती ऊन लागते. शेवटी आजीने मावशीचे नाव विचारले.

मग दोन्ना वीता उठल्या. त्यांनी आपला ॲप्रन सोडला, कुंदाताईंना उभे केले आणि त्यांच्या ॲप्रनवरून तो त्यांना बांधला. स्वतः जाऊन कोरियन मुलींच्या शेजारी, शिकणाऱ्यांच्या बाकावर बसल्या.

"आता हे आम्हाला शिकव," त्या म्हणाल्या.

कुंदाताई गोंधळून गेल्या. तेवढ्यात डॅनिश गृहस्थांनी सौम्यपणे पण स्पष्ट हरकत घेतली. या बाईंचा पदार्थ उत्तमच असेल, पण आपण एवढ्या लांबून सिसिलीचा स्वयंपाक शिकायला आलो आहोत, भारताचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रेंच जोडप्यालाही ते पटलेले दिसले.

दोन्ना वीतांनी त्यांचे ऐकून घेतले. त्यांचे बोलणे रास्त आहे, असेही म्हणाल्या. मग ग्राझिएल्लाला जवळ बोलावून त्या सावकाश बोलू लागल्या.

"आज आपण जेवणार आहोत त्यातलं वांगं अरबांनी आणलं. साखरही त्यांनीच आणली. टोमॅटो तर समुद्रापलीकडून आला. येणाऱ्याने आणलेलं सगळं काढून ठेवलं, तर तुमच्या ताटात समोरच्या मिठागरातलं मीठ तेवढं उरेल. ते काही वाईट नाही, पण पोट भरणार नाही."

गृहस्थ हसले आणि त्यांनी हात वर करून माघार घेतली. दोन्ना वीता मात्र हसत नव्हत्या. त्या कुंदाताईंकडे वळल्या.

"तुला माझा राग आला असेल. मी तुझं काम दोनदा मोडलं. पण त्याच्याही आधी एकदा ते मोडलं गेलं होतं, आणि ते मी मोडलं नव्हतं. तुझी पहिली गुंडाळी उतरली तेव्हा मी ओट्यापलीकडेच उभी होते. इतका सुरेख हात मी फार दिवसांत पाहिला नव्हता. तू आजूबाजूला पाहिलंस आणि ती मुठीत चेपलीस. नंतर तू केलंस ते सगळं माझं होतं, मुली. माझंच मला परत दाखवलंस. ते घेऊन मी काय करू?"

कुंदाताई खाली पाहू लागल्या. दोन्ना वीता पुढे बोलल्या.

"माझी थोरली बहीण लग्न करून उत्तरेला तोरिनोला गेली. तिथे दक्षिणेच्या माणसांना हसत. तिने बुसियाते करणं सोडलं आणि तिथलं सगळं शिकली, फार छान शिकली. पोरांना ती तेच देऊन गेली. गेल्या साली तिची नात इथे आली, या बाकावर बसली आणि परक्या मुलीसारखी माझ्याकडून शिकली. मी तिला काडी धरायला दाखवत होते, आणि मला वाटत होतं, हे हिला तिच्या घरी मिळायला हवं होतं. तू बुसियाते शिकायला आलीस. शिकवीन. उद्या ये, परवा ये, वेढा सैल पडला तर ओरडेनही. पण माझ्या ओट्यावर कुणी आपला हात मोडून माझा हात घेऊन गेलं, तर मी शिकवलं असं म्हणणार नाही."

ग्राझिएल्लाचे बोलणे संपले. कुंदाताईंनी ॲप्रनची गाठ नीट केली. मग त्यांनी वळी हातात घेतली आणि शिकवायला सुरुवात केली.

इतकी वर्षे शिकवूनही त्या दिवशी त्या सुरुवातीला अडखळत होत्या. काडी कशी धरायची, वळी कुठून पुरवायची, अंगठा कधी सैल सोडायचा, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते आणि शब्दांत मांडण्याची वेळही कधी आली नव्हती. हळूहळू शब्द सापडत गेले. बहुतेक शब्द मावशीचेच होते. काडी फिरवा, पीठ फिरवू नका, असे त्यांनी इंग्रजीत सांगितले, आणि दोन्ना वीतांनी हे वाक्य नातीकडून दोनदा सांगून घेतले. त्यांचा तळहात सवयीने पुन्हापुन्हा ओट्याकडे जाई. कुंदाताई त्यांचे मनगट धरून वर उचलत. ऐंशी वर्षांच्या त्या बाई पहिली नीट गुंडाळी उतरल्यावर इतक्या खुलल्या, की ती त्यांनी वेगळी काढून कपाटात ठेवली. डॅनिश गृहस्थांना बुसियाते जमले नव्हते, सरगुंडे मात्र जमले, आणि मग ते बाकावरून उठेचनात.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. खलबत्त्यात बदाम, लसूण, तुळशीसारखा वास असलेली पाने आणि टोमॅटो कुटून केलेल्या चटणीत एका थाळ्यातले बुसियाते आणि दुसऱ्या थाळ्यातले सरगुंडे घोळवले होते. वर तळलेले वांगे. दोन्ना वीतांचे भाऊ साल्वो जेवायला आले. आयुष्यभर मिठागरात राबलेले, कमी बोलणारे गृहस्थ. सकाळपासून काय घडले हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्यांनी पहिल्या थाळ्यातले खाल्ले, मग दुसऱ्यातले घेतले आणि थांबले. पुन्हा घेतले. हे आमचे नाही, याच्या पोटात चटणी जास्त भरते, असे ते म्हणाले, आणि हे कुणाचे, असे त्यांनी विचारले.

ग्राझिएल्ला उत्तर द्यायला लागली. आजीने तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवले आणि कुंदाताईंकडे पाहिले.

कुंदाताई उभ्या राहिल्या. उभे राहायची काही गरज नव्हती, पण त्या राहिल्या. आणि इंग्रजी जवळ असताना त्या मराठीत बोलल्या.

"हे सरगुंडे. वर्धा जिल्ह्यातले, केळझरकडचे. केले मी, पण हात माझ्या अनसूयामावशीचा."

साल्वोंना त्यातले एक नाव तेवढे कळले. त्यांनी ते जपून उच्चारले, अनासूया. दोन्ना वीतांनीही ते म्हटले, मग टेबलाभोवतीच्या सर्वांनी, ज्याला जसे जमेल तसे. केळझरच्या पंचक्रोशीबाहेर ज्या बाईचे नाव कधी गेले नव्हते, ते नाव त्या घरात इतक्या भाषांच्या तोंडी आले. कुंदाताई ताठ मानेने ऐकत उभ्या होत्या. डोळ्यांतले पाणी त्यांनी या वेळी लपवले नाही.

पुढचे दिवस त्या रोज दोन्ना वीतांकडे गेल्या आणि बुसियाते रीतसर शिकल्या. वेढा सैल पडला की बोलणी खाल्ली. शेवटच्या दिवशी त्यांची परात दोन्ना वीतांनी मोडली नाही, शेजारणीला दाखवायला नेली.

वर्ध्याला परतल्यावर विश्वस्तांसमोर त्यांनी दोन्ही पदार्थ एकाच ओट्यावर करून दाखवले. परदेशी अभ्यासक्रमात हे आपल्याकडचे कशाला, असे एकाने विचारले. कुंदाताईंनी शांतपणे सांगितले, की परदेशात मी जे शिकले ते बुसियाते, आणि जे शिकवले ते सरगुंडे; एक ठेवून दुसरे वगळले तर शिक्षण अर्धेच राहील. त्यावर बरीच चर्चा झाली. काहींना ते शेवटपर्यंत पटले नाही. पण अभ्यासक्रम त्यांच्याकडे आला, आणि त्याचे नाव परदेशी पाककला न राहता हातवळणाचे पदार्थ असे झाले. पहिल्या वर्गात कुंदाताई विद्यार्थ्यांना काही दाखवत नाहीत. प्रत्येकाला पिठाचा एक गोळा देतात, तुझ्या घरी याचे काय करतात ते कर, असे सांगतात, आणि झाल्यावर ते कुणाकडून शिकलास, ते नाव विचारतात. नाव सांगताना मुले उभी राहतात. तसे करायला त्यांना कुणी सांगितलेले नाही.

तुमच्याही हातांत कुणीतरी काही ठेवून गेले असेल. नवे शिकायला निघाल तेव्हा ते सोबत घेऊन जा, आणि कुणी विचारलेच तर ठेवणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगा.